छावणीतला इनफ

साल दोन हजार तेरा. जानेवारीच्या मध्याला आम्ही सासू-सुना चार जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला आलो. कर्जत तालुक्याच्या पूर्वेला, आमच्या गावापासून तीन कोसांवर एक उजाड माळ आहे. तिथं बांबू रोवून वर हिरवी जाळी आणि जुन्या साड्या बांधल्या होत्या, आणि त्याखाली साडेतीनशे जनावरं उभी होती. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा किलो चारा मिळायचा, बहुतेक ऊस आणि उसाचे शेंडे. पाणी टँकरनं यायचं. जनावरं तिथं म्हणून माणसंही तिथंच. चूल तिथं, अंथरूण तिथं, भांडणं तिथं.

माझा मुलगा अजिनाथ नगरच्या एमआयडीसीत दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. माझे मालक जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यामुळं दोन गाई, एक म्हैस आणि एक कालवड यांच्याजवळ मी आणि माझी सून आरती, दोघीच.

आरती तेवीस वर्षांची होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माहेरी असताना ती दहावीला दोनदा बसली आणि दोन्ही वेळा फक्त इंग्रजीत गेली. आता तिसऱ्यांदा बसायचं होतं, मार्चमध्ये. कारण असं की आमच्या गावच्या अंगणवाडीताई त्या वर्षी निवृत्त होणार होत्या. त्या जागेवर गावातलीच दहावी पास सून हवी होती आणि अर्ज जूनअखेर द्यायचा होता. अशी जागा गावात पंचवीस वर्षांतून एकदा रिकामी होते. यावेळी इंग्रजी सुटलं तर आरती अंगणवाडीताई, नाही सुटलं तर जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी. इतकं ते सरळ होतं.

तरी मला तिचा अभ्यास खुपायचा. आज लिहायला लाज वाटत नाही म्हणून लिहिते. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. सातवी पास झाले होते, गुरुजी घरी येऊन आठवीसाठी सांगून गेले होते. पण त्या वर्षी सगळं घर खडी फोडायला गेलं आणि मीही गेले. पुन्हा शाळा नाही. आता त्याच्यासारखाच दुष्काळ पडला होता आणि माझी सून मात्र गोठ्यात वही उघडून बसत होती. मनात कुठंतरी वाटायचं, हिलाच का म्हणून?

मग माझं तोंड चालायचं. "पुरे झालं ते वाचन, शेण कोन उचलनार?" "पुरे ते हसनं." "पुरे ती पावडर, म्हशीला दाखवायचीय का?" दिवसभर पुरे आणि पुरे. ती वही मिटायची आणि उठायची. उलटून बोलायची नाही.

आमच्या शेजारच्या दावणीला गनीभाईंच्या दोन म्हशी होत्या. गनीभाई शेजारच्याच गावचे. सत्तरीला आले होते. नगरच्या छावणीत, म्हणजे लष्कराच्या छावणीत, त्यांनी तीस वर्षं अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाढप्याचं काम केलं होतं. तेच गमतीनं म्हणायचे, "एका छावनीत नोकरी केली, दुसऱ्या छावनीत म्हातारपन काढतोय." चौथी शिकलेले. पण इंग्रजी असं बोलायचे की तपासणीला आलेले साहेबसुद्धा मान वर करून बघायचे. लिहिता मात्र येत नव्हतं. सगळं कानानं आलेलं.

एका दुपारी आरती पाठ करत बसली होती. कुठलाही शब्द घ्यायची आणि एकच वाक्य म्हणायची. 'ब्यूटिफुल इज अ गुड वर्ड.' 'हंग्री इज अ गुड वर्ड.' 'बिकॉज इज अ गुड वर्ड.' गनीभाई म्हशीच्या अंगावरून गोचिडी काढत होते. त्यांनी हात थांबवला.

"पोरी, हे काय चाललंय?"

"चाचा, शब्द वाक्यात वापरा, असा प्रश्न असतो. आमच्या क्लासचे रामहरी सर म्हनायचे, हे वाक्य कुठल्याबी शब्दाला चालतं. शब्द बदलायचा फक्त."

"आन मार्क?"

दोनदा नापास झालेल्याला मार्क काय विचारायचे.

गनीभाई हसले नाहीत. म्हणाले, "हे म्हंजे रिकामं ताट वाढल्यासारखं झालं. ताट हाय, पन त्यात काय न्हाई. रोज एक शब्द घे. त्याचं खरं वाक्य करायचं. आपल्या डोळ्यापुढं जे हाय तेच. खोटं चालनार न्हाई."

पहिलाच शब्द त्यांनी दिला तो इनफ.

का दिला, त्याची गोष्ट सांगितली. मेसमध्ये नोकरीचा पहिला दिवस. एका साहेबाला सूप वाढत होते. साहेब म्हणाला, इनफ. गनीभाईंना शब्दाचा अर्थ ठाऊक होता. पण आपल्याकडं पाहुणा पुरे म्हणाला म्हणून कुणी वाढायचं थांबतं का? पुरे म्हणणं ही त्याची रीत, आणि आणखी एक पळी वाढणं ही आपली. त्यांनी आग्रहानं आणखी एक पळी सोडली. साहेबानं हात आडवा धरला होता, तो भाजला. त्या दिवशी गनीभाईंची नोकरी जायची राहिली.

"मोठ्या खानसाम्यानं मला मागं नेऊन सांगितलं," गनीभाई म्हणाले, "गनी, इनफ म्हंजे जिथं हात थांबतो ती जागा. त्याच्या अलीकडं न्हाई, पलीकडं न्हाई. ती वळखायला आली की तुला वाढप आलं."

दुसऱ्या दिवशीपासून या शब्दानं छावणीत धुमाकूळ घातला. माणसांना दुपारी काम नसायचं. चारा घालून झाला की टँकरची वाट बघणं एवढंच. आरतीच्या वहीभोवती बायका जमू लागल्या. त्या मराठीत सांगायच्या, आरती इंग्रजी करायची आणि गनीभाई ऐकून बरोबर की चूक सांगायचे.

"पानी पुरत न्हाई, लिही."

"चारा पुरत न्हाई."

"जाळी पुरत न्हाई, ऊन येतं."

तीन दिवसांत बारा वाक्यं झाली. आरतीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. देअर इज नॉट इनफ वॉटर. देअर इज नॉट इनफ फॉडर. अशी ओळीनं.

गनीभाई म्हणाले, "बाराच्या बारा बरोबर. पन बाराच्या बारा रडतायत. सगळ्यांत नॉट हाय. नॉट काढून एक वाक्य कर. काय पुरेसं हाय, ते सांग."

पुरेसं काय होतं तिथं? आम्ही खरोखर इकडंतिकडं बघायला लागलो. मीही बघितलं, जरी मी त्या घोळक्यात नव्हते, पाठ फिरवून भाकरी थापत होते.

पलीकडच्या दावणीवरून बिभीषण म्हातारा ओरडला, "धूळ लिही. धूळ हाय की पुरून उरंल एवढी."

"आन माश्या," चांगुणा म्हणाली. या चांगुणेशी माझं बोलणं बंद होतं. पाण्याच्या रांगेत तिनं माझी घागर मागं सरकवली होती.

गनीभाईंनी मान हलवली. "पुरून उरते ती इनफ न्हाई. ती टू मच. त्याला दुसरा शब्द हाय. बिभीषणराव, तुमी पन नापास."

"मी तर पहिलीत बी नापास हुतो," बिभीषण म्हणाला, आणि सगळ्या हसल्या.

दोन दिवस वाक्य सापडेना. ऊन? टू मच. मीठ? मीठ पुरेसं होतं, पण वाक्य ऐकून एकीनं लगेच मीठ मागितलं आणि तेही संपलं. आरती पाणी भरताना ओठ हलवायची, शेण उचलताना हलवायची. मी म्हणायचे, "पुरे आता, येड लागंल." परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. मला वाटलं, बारा वाक्यं आली की, तेराव्यासाठी कशाला जीव काढायचा. पण आता समजतं, ती तेरावं शोधत होती तेव्हाच खरं शिकत होती.

तिसऱ्या दुपारी घोळका बसला असताना आरती एकदम म्हणाली, "चाचा, झालं वाक्य."

"बोल."

तिनं वहीत बघून वाचलं. "माय मदर-इन-लॉ हॅज स्कोल्डेड मी इनफ."

गनीभाईंचा चेहरा एकदम ताठ झाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण बघायचं टाळलं ते मला दिसलं. मदर-इन-लॉ म्हणजे सासू, एवढं मलाही ठाऊक होतं.

मी भाकरी तव्यावर टाकून विचारलं, "काय म्हनाली ती?"

"म्हनाली…" गनीभाईंनी घसा खाकरला. "म्हनाली, सासूबाईंनी मला लई माया लावली."

"गनीभाई, म्हातारपनी खोटं बोलू नका. तुमीच म्हनला, खोटं चालनार न्हाई."

ते ओशाळले. मग आरतीला म्हणाले, "वाक्य तुझं हाय बेटा. मराठी पन तूच कर."

आरतीनं वहीवरची नजर काढली नाही. हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाली, "आत्या, मी लिहिलं, सासूबाई मला आजवर रागावल्या तेवढं पुरे झालं."

चांगुणेनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या बायका माझ्याकडं बघत राहिल्या. आता लंकाबाईचा, म्हणजे माझा, पट्टा सुटणार म्हणून सरसावून बसल्या होत्या. माझ्याही जिभेवर सगळं आलं होतं. पण त्याच वेळी मला ऐकू आलं, की माझ्या जिभेवर पहिला शब्द आला होता तो पुरे.

तव्यावरची भाकरी जळायला लागली. ती उलटली आणि मी विचारलं, "गनीभाई, वाक्य बरोबर हाय का?"

"सोळा आने बरोबर हाय, लंकाबाई."

"शब्द बरोबर जागेवर हाय?"

"जिथं हात थांबायला पायजे, तिथंच हाय."

"मग बरोबर आसंल तर वहीत ऱ्हाऊ दे," मी म्हणाले आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आधी उठून मी शेण उचललं. ती घाईनं आली तर म्हटलं, "माझा गुडघा मोकळा व्हतोय, करू दे. तू तुझं बघ." गुडघा मोकळा होत नव्हता, चांगलाच दुखत होता. तिला ते कळलं असणार. पण तिनं वही उघडली.

मी एकदम गोड झाले असं कुणी समजू नये. चार दिवसांनी दुधाचं भांडं तिच्या हातून लवंडलं तेव्हा मी बोललेच. फक्त बोलताना मध्येच थांबले. ती माझ्याकडं बघत होती, पुढचं येईल म्हणून. पुढचं आलं नाही.

त्या पंधरा दिवसांत मीही दुपारी त्यांच्यात बसू लागले. बोलायचे नाही, ऐकायचे. चाळीस वर्षांनी कुणीतरी शिकवत होतं आणि मी ऐकत होते. एकदा गनीभाईंनी चहा केला आणि माझ्या कपात ओतायला लागले. मी सहज म्हटलं, "इनफ." त्यांची किटली तिथल्या तिथं वर झाली. एक थेंब पडला नाही. मला इतकं नवल वाटलं. माझ्या शब्दावर कुणी हात थांबवला असं मला आठवत नव्हतं. बापाच्या घरी नाही, नवऱ्याच्या घरी नाही. मी कप हातात धरून बसले, चहा गार झाला.

पेपर कर्जतला होता, सकाळी अकराला. एसटी आमच्या माळावर येत नव्हती. चारा उतरवून रिकामा जाणारा ट्रक आठ वाजता निघायचा, त्याच्या केबिनमध्ये जागा मिळाली. आरती एकटी जायला निघाली होती. ट्रकवाला अनोळखी होता. मला तिच्याबरोबर जायचं होतं. पण चार जनावरं कुणावर सोडायची? गनीभाई त्या दिवशी डोळे तपासायला नगरला गेले होते. बिभीषणला स्वतःचीच म्हैस आवरायची नाही. उरली चांगुणा.

मी तिच्या दावणीपुढं जाऊन उभी राहिले. ती मुद्दाम म्हशीचं अंग चोळत राहिली.

"चांगुणे, आजचा दिवस माझी जनावरं बघतीस का?"

"आज कशी वाट चुकली?"

"चुकली न्हाई. तुझ्याकडंच आले."

"आन घागरीचं काय?"

"घागर तूच मागं सारली हुतीस."

"मग?"

"मग काय, मीच आधी आले ना बोलायला."

तिनं हात धुतले. "पोरीचा पेपर हाय म्हून. तुझ्यासाठी न्हाई करत," ती म्हणाली आणि आमच्या दावणीकडं चालू लागली. चालता चालता मागं वळून म्हणाली, "कालवडीला आधी पाजायचं का नंतर?"

केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली मी तीन तास बसून होते. माझ्या परीक्षेला कुणी असं बसलं नव्हतं, कारण ती परीक्षाच झाली नाही. पण त्या दिवशी मला हिलाच का, असं वाटलं नाही. मनात एकच होतं, हिचं व्हावं.

आरती बाहेर आली ती घामानं भिजलेली.

"कसा गेला?"

"आत्या, तो शब्द विचारलाच न्हाई."

"इनफ न्हाई विचारला?"

"न्हाई. दुसरेच हुते. पन मी गुड वर्डवालं वाक्य एकदाबी लिहिलं न्हाई. समद्यांची खरी वाक्यं केली. एकाला म्हैस घातली, एकाला टँकर." ती पहिल्यांदा हसली. "आन पत्र हुतं. तुमी राहिलेल्या एखाद्या जागेबद्दल मैत्रिणीला पत्र लिहा. मी छावनी लिहिली. दोन पानं. त्यात घातला आपला शब्द, दोनदा. एकदा पान्यासाठी आन एकदा चाचांसाठी."

"चाचांसाठी काय?"

"आमचे शिक्षक चौथी शिकलेत, पन त्यांचं इंग्रजी आमाला पुरेसं चांगलं हाय, असं."

मी विचारलं, "आन माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल कायच न्हाई लिहिलं आत्या. परक्या मानसाला कशाला घरचं सांगायचं."

मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही. आम्ही स्टँडवर जाऊन एकेक वडापाव खाल्ला आणि मिळेल त्या वाहनानं संध्याकाळपर्यंत परत आलो. चांगुणेनं कालवडीला आधी पाजलं होतं.

निकाल जूनमध्ये लागला. तोवर आम्ही घरी आलो होतो. आरती मिरजगावला जाऊन कॉम्प्युटरवर बघून निकालाचा कागद घेऊन आली. इंग्रजीत अडतीस. त्याच आठवड्यात अर्ज गेला. पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही दोघी गनीभाईंच्या घरी गेलो. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "पास व्हायला पस्तीस लागतात ना? मग वरचे तीन रामहरी सरांना दे." त्यांच्या बायकोनं, शरिफानं, आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी पुरे म्हटलं तरी ती वाढतच राहिली. गनीभाई बघत होते, पण घरात त्यांचं काही चालत नव्हतं.

नंतर कुणाचं काय झालं ते लिहिते.

आरतीला ऑगस्टमध्ये अंगणवाडीची नेमणूक मिळाली. पुढं ती बारावीही झाली. आता तिच्या अंगणवाडीची गणती तालुक्यातल्या चांगल्यांत होते. मोबाईलवरची सगळी इंग्रजी माहिती ती स्वतः भरते आणि आसपासच्या गावच्या ताया तिला फोन करून विचारतात. तिला दोन मुली आहेत. अजिनाथनं स्वतःचा टेम्पो घेतला. रामहरी सरांनी क्लास बंद करून मंडप आणि स्पीकरचा धंदा काढला, तो जोरात चालतो. आमच्याकडच्या बारशाला मंडप त्यांचाच होता, त्यांनी भाडं कमी घेतलं. बिभीषण छावणी उठल्यावर दोन वर्षांनी गेला. त्याची म्हैस त्याच्या आधी गेली होती. चांगुणा आहे. तिचा नातू आरतीकडं अंगणवाडीत होता, आता शाळेत जातो. आम्ही रोज बोलतो आणि महिन्यातून एकदा भांडतो.

गनीभाई दोन हजार वीसच्या हिवाळ्यात गेले. ते कोरोनाचे दिवस होते, मातीला जाता आलं नाही. महिन्याभरानं आरती आणि मी कबरस्तानाच्या बाहेर उभ्या राहून आलो. छावणीत कुणी फोटो काढला नव्हता, त्यामुळं आमच्याकडं त्यांचा फोटो नाही. शरिफा आता नगरला मुलीकडं असते, अल्मासकडं. तिला कमी दिसतं.

मी सदुसष्ट वर्षांची आहे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं करायचं नाही असं ठरवलं आहे. गेल्या महिन्यात अल्मासचा फोन आला. म्हणाली, "मावशी, अम्मी सारखी छावणीचं विचारते, अब्बा तिथं काय शिकवायचे म्हणून. तुम्हाला आठवतं तेवढं लिहून द्या, मी वाचून दाखवीन." म्हणून हे लिहिलं. आरती उद्या मीटिंगला नगरला जाणार आहे, तिच्या हाती देईन.